इंजिन बदललं आणि मीटरचे काटे झोपले: कंपनीचेच मीटर परत चालू कसे करायचे

आमची जीप महिंद्राची एमएम ५४०. आत मूळचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल होतं, ते दोनदा बोअर करून झालं आणि तिसऱ्यांदा ऑईल प्यायला लागलं तेव्हा त्याच्या जागी २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन बसवलं. माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सर सगळं मेस्त्रीने चार दिवसांत उरकलं आणि गाडी हातात दिली तेव्हा डॅशबोर्डवर एकटा स्पीडोमीटर जिवंत होता. टेम्परेचर सी वर (म्हणजे थंड), ऑईल प्रेशर शून्यावर, डिझेलचा काटा हेडलाईट लावली की हलायचा, आणि चार्जिंगचा अँपिअर मीटर तर वायरी तोडून मोकळा सोडलेला. मेस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "मीटर कित्याक बघतंस, हात लावन बघ." देवगड बाजारात फिरायचं असेल तर चालेल हो हे, पण मे महिन्यात हापूसच्या पेट्या भरून फोंडा घाट चढायचा असेल तेव्हा बॉनेटला हात लावत कोण बसणार.

बरेच जण अशा वेळी बाजारातले तीन गोल मीटर आणतात आणि डॅशच्या खाली पट्टीवर लावून मोकळे होतात. ते वाईट नाही, पण कंपनीच्या मीटरला जागेवरच चालू करणं फार अवघड नाही, खर्च त्यापेक्षा कमी येतो, आणि गाडी गाडीसारखी दिसते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. सेंडर म्हणजे इंजिनात बसणारा तो तुकडा जो तापमान किंवा प्रेशर वायरीतून डायलला कळवतो. त्या सेंडरचं लग्न डायलशी झालेलं असतं, इंजिन म्हणजे त्याची नुसती भाड्याची खोली. इंजिन बदललं की खोली बदलते, जोडीदार बदलायचा नाही. म्हणजे नव्या इंजिनावर जो सेंडर आला असेल त्याला जुन्या डायलची वायर लावून बघणं हा उलटा धंदा आहे, जुन्या डायलचा जो सेंडर होता तोच नव्या इंजिनात बसवायचा. नव्वद टक्के भानगडी इथेच मिटतात.

म्हणून पहिलं काम, जुनं इंजिन भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्याचे सेंडर काढून घ्या. टेम्परेचरचा, ऑईल प्रेशरचा, आणि बरोबर ऑईल लाईटचा स्विचपण. त्यांच्या वायरी कापायच्या नाहीत, थिंबलसकट (टोकाच्या धातूच्या कडीसकट) सोडवायच्या आणि प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावायची. मी मास्किंग टेपवर मार्करने लिहिलं होतं, पंधरा दिवसांत आमच्या दमट हवेत टेप सुटली आणि डिझेलच्या हाताने मार्कर पुसला गेला, मग चार निळ्या वायरी हातात घेऊन बसलो. त्यापेक्षा वेगवेगळ्या रंगाची हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसते ती) चढवा आणि कुठला रंग कशाचा हे वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढा पण जवळून नाही, लांबूनपण काढा, नाहीतर नंतर कळत नाही की हा फोटो इंजिनाच्या कुठल्या बाजूचा.

जाता जाता कागदाचं सांगतो. इंजिन नंबर आरसीवर असतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओला कळवून, परवानगी घेऊनच करायचा असतो. ते आधी बघा.

आता आधी डायल ओळखा

जुन्या गाड्यांत तीन प्रकारचे मीटर सापडतात आणि तिघांची वागणूक वेगळी.

पहिला एकदम जुना मेकॅनिकल. ऑईल प्रेशरला इंजिनापासून डॅशपर्यंत बारीक नळी येते आणि टेम्परेचरला तांब्याची केसासारखी बारीक नळी, तिच्या टोकाला फुगा. यात वीज नसते. ऑईलवाल्याला फक्त नव्या इंजिनाच्या ऑईल गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटेत) योग्य आट्यांचा जॉइंट करून द्यायचा, झालं. टेम्परेचरवाल्याची नळी मात्र कधीही कापू नका, वाकवताना दुमडूपण नका, आतला वायू किंवा द्रव गेला की तो मीटर शोपीस.

दुसरा बायमेटलचा. चावी फिरवली की काटा आरामात, झोपेतून उठल्यासारखा वर येतो. आत पट्टीभोवती वायर गुंडाळलेली असते, करंटने पट्टी तापते आणि वाकते. याला बहुतेक वेळा मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो जो १२ व्होल्टचे साधारण १० व्होल्ट (काही गाड्यांत ५) करून देतो, म्हणजे बॅटरी वरखाली झाली तरी काटा नाचत नाही. तिसरा कॉइलचा, चावी फिरवताच काटा टपकन जागेवर जातो, त्याला थेट १२ व्होल्ट चालतात.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर बायमेटलच्या मीटरला थेट १२ व्होल्ट दिले की तो जास्त दाखवतो आणि फार वेळ तसाच ठेवला तर आतली वायर जळते. इंजिन बदलताना वायरमन नवीन फ्यूज बॉक्स टाकतो, जुना स्टॅबिलायझर "हा कसला डबा" म्हणून काढून टाकतो, आणि मग डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकत्र चुकीचे दाखवायला लागतात. हे लक्षात ठेवा, दोन काटे एकदम एकाच बाजूला चुकत असतील तर सेंडरच्या मागे लागू नका, आधी स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग (बॉडीशी, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) बघा. जुना स्टॅबिलायझर चालू-बंद चालू-बंद करत असतो म्हणून मल्टिमीटरवर आकडा उड्या मारतो, ते बिघाड नाही. मेलाच असेल तर १० व्होल्टवाल्या गाडीत ७८१० नावाची तीन पायांची आयसी जुन्या डब्यातच बसवता येते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ पैशात मिळते, फक्त तिला पत्र्याला घट्ट टेकवा म्हणजे गरम होणार नाही.

डायल जिवंत आहे का ते बघायला सेंडरची वायर सोडवा, चावी ऑन करा. टेम्परेचरचा काटा सी वर राहिला पाहिजे. मग तीच वायर १० ओहमच्या रेझिस्टन्समधून इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, काटा एच (गरम) कडे गेला पाहिजे. थेट टेकवू नका, किंवा टेकवलीत तर एक-दोन सेकंद, बस. काटा गेला म्हणजे डायल, वायर आणि सप्लाय तिन्ही ठीक, भानगड सेंडरमध्ये. नाही गेला तर तीच चाचणी डायलच्या मागच्या खिळ्यावर (वायर लागते त्या टोकावर) करा, तिथे गेला तर मधली वायर तुटलीय. डिझेल आणि ऑईलच्या बाबतीत वायर टेकवल्यावर काटा कुठल्या टोकाला जातो हे मेकवर अवलंबून आहे, काहींत फुल्ल, काहींत रिकामा. काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो का एवढंच बघायचं आणि दिशा लिहून ठेवायची, ती दिशा पुढे कामाला येते.

टेम्परेचर: इथे घाई केली तर हेड जातं

मी केली होती घाई, म्हणून हा भाग जरा लांब होणार.

जुन्या सेंडरचे आटे नव्या इंजिनाच्या भोकात बसले नाहीत. भोक मोठं, सेंडर बारीक. लेथवाल्या काकांकडे गेलो, त्यांना म्हटलं पितळेचा बुश करून द्या, बाहेरून इंजिनाचे आटे, आतून सेंडरचे. काकांनी सुंदर बुश करून दिला, चकचकीत, चांगला जाडजूड आणि लांब. लांबी मी सांगितलीच नव्हती. सेंडर आत घट्ट बसला, गळती नाही, काटा पण हलायला लागला, पाव भागावर येऊन थांबला. मी खूश, म्हटलं डीआय इंजिन थंड चालतं म्हणतात ते खरंच की. त्याच आठवड्यात पेट्या भरून दाजीपूरच्या बाजूला निघालो, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी, काटा पाव भागावर ढिम्म, आणि माथ्याच्या अलीकडच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ. थांबून बघतो तर रेडिएटरची रिझर्व्ह बाटली उकळत होती आणि काटा अजून पावच. हेड गॅस्केट गेलं, पेट्या दुसऱ्या टेम्पोत चढवल्या, वर भावाचं बोलणं ऐकलं ते वेगळंच.

घरी येऊन बुश काढला तेव्हा कळलं. बुश इतका लांब की सेंडरचं टोक बुशच्या आतच राहिलेलं, पाण्याला लागतच नव्हतं. पितळेच्या खोबणीत अडकलेलं थोडंसं पाणी तेवढं तापायचं. सेंडरचं टोक वाहत्या पाण्यात निदान सेंटिमीटरभर तरी घुसलं पाहिजे. बुश करायला देताना भोकाची खोली काडीने मोजा, सेंडरच्या टोकाची लांबी मोजा आणि काकांना कागदावर आकृती काढून द्या, तोंडी नको.

आटे मोजायचं पण नीट समजून घ्या कारण इथे फसगत होते. जुन्या गाड्यांत एक अष्टमांश इंचाचे पाईप आटे असतात आणि ते दोन जातींचे, एकात इंचाला २७ आटे (एनपीटी, निमुळते), दुसऱ्यात २८ (बीएसपी). वर नवीन इंजिनांत एम १० बाय १ असतात, तेपण दिसायला तसेच. तिन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे जातात आणि मग अडकतात, आपल्याला वाटतं घट्ट बसलं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर आटे गेलेच म्हणून समजा. आटे मोजायचा गेज मिळतो, घ्या, किंवा लेथवाल्याकडे सेंडर आणि जुना प्लग दोन्ही घेऊन जा.

जागा कुठली निवडायची तर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधीची, म्हणजे हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथली. थर्मोस्टॅटच्या पलीकडे रेडिएटरच्या बाजूला लावलात तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा झोपलेला, आणि थर्मोस्टॅट अडकला, म्हणजे नेमकं इंजिन जळायच्या वेळी, तिथे पाणी थंडच. होजपाईप कापून मधे टाकायचा ॲल्युमिनियमचा तुकडा मिळतो, तो शेवटचा उपाय, आणि तो लावलात तर त्याला वेगळी अर्थची वायर द्यावी लागते कारण दोन्ही बाजूंनी रबर.

टेफ्लॉन टेप: लोक भाकरीसारखी थापतात. सेंडरची बॉडी हेच त्याचं अर्थिंग असतं, जास्त टेप गुंडाळली की संपर्क कमी होतो आणि काटा कमी दाखवतो. निमुळत्या आट्याला दोन फेरे पुरे, सरळ आट्याला तांब्याचा वॉशर.

आता सेंडर खरं बोलतो का ते स्वयंपाकघरात तपासायचं. टोपात पाणी, सेंडर तारेने लटकवायचा, टोपाच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, बाजूला थर्मामीटर, आणि मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या खिळ्याला, एक बॉडीला. आपण कोकणात समुद्रसपाटीला राहतो याचा इथे फायदा, पाणी बरोबर १०० ला उकळतं, थर्मामीटर नसला तरी एक खात्रीचा आकडा फुकट मिळतो. हेच महाबळेश्वरला केलंत तर ९५-९६ लाच उकळेल आणि तुम्ही उगाच सेंडरला नावं ठेवाल.

आकडे कसे यायला पाहिजेत? तापमान वाढलं की ओहम कमी होतात. बऱ्याच गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या व्हीडीओ (मीटर बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीच्या १२० डिग्रीच्या सेंडरला ४० ला साधारण २८७ ओहम, ६० ला १३४, ८० ला ६९, ९० ला ५१ आणि १०० ला ३८ च्या आसपास येतात. तुमचा जुना सेंडर दुसऱ्या जातीचा असेल तर आकडे वेगळे, पण उतरण अशीच. वहीत ४०, ६०, ८०, १०० असे चार आकडे लिहा. मग त्या आकड्यांचे रेझिस्टन्स एकेक करून सेंडरच्या वायरीला आणि अर्थला लावा, काटा कुठे थांबतो ते बघा. आता तुमच्याकडे डायलचा नकाशा तयार झाला, कंपनीने न छापलेला.

याच आकड्यांनी कळतं की इंजेक्शन इंजिनांवरचा कॉम्प्युटरचा सेन्सर जुन्या डायलला का चालत नाही. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरला २० डिग्रीला अडीच हजार ओहम, ८० ला साधारण ३२०, आणि १०० ला १८६ येतात. वरच्या यादीत १८६ कुठे येतात बघा, ५० च्या आसपास. म्हणजे पाणी उकळतंय आणि डायल सांगतोय ५०. शिवाय त्या वायरीतून डायलचा करंट घुसला की कॉम्प्युटरचं गणित बिघडतं, गाडी थंडीत काळा धूर सोडते आणि मग माणूस इंजेक्टर बदलत बसतो. त्या सेन्सरला हात लावायचा नाही, डायलसाठी वेगळा सेंडर, वेगळं भोक.

जुना सेंडर मेलाय आणि तसाच मिळत नाही, मग जवळच्या जातीचा घ्या आणि रेझिस्टन्सने जुळवा. नियम सोपा, नव्याचे ओहम जास्त असतील तर वायर आणि अर्थच्या मधे समांतर रेझिस्टन्स, कमी असतील तर वायरीत सलग. समजा ९० डिग्रीला डायलला ५१ ओहम पाहिजेत आणि नवा सेंडर ६० देतोय. ६० गुणिले ५१ भागिले त्यांच्यातला फरक ९, उत्तर ३४०, बाजारात ३३० मिळतो, तो लावला की एकत्र जवळपास ५१ होतात. अर्धा वॅटचा पण चालून जाईल पण मी दोन वॅटचा लावतो, बॉनेटखाली नको, डॅशच्या मागे. याने थंड बाजूला काटा थोडा जास्त दाखवेल, दाखवू दे, सकाळी इंजिन ३० आहे की ४० याने कोणाचं काय जातंय. जुळवायचं ते ९०-१०० च्या जवळ.

आणि एक, पाणीच संपलं तर सेंडर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर काटा अचानक खाली आला तर आनंदाने ॲक्सिलरेटर दाबू नका, थांबा.

ऑईल प्रेशर

इथे दोन वेगळ्या वस्तू लोक एक समजतात. लाईटचा स्विच आणि काट्याचा सेंडर. स्विच म्हणजे नुसतं बटण, इंजिन बंद असताना जोडलेला, प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या आसपास आलं की तुटतो आणि लाईट विझते. सेंडर मोठा, डबीसारखा. मल्टिमीटरने बघा, इंजिन बंद असताना स्विच शून्य ओहम दाखवेल, व्हीडीओ जातीचा सेंडर १० च्या आसपास आणि प्रेशरबरोबर १८० पर्यंत चढेल. अमेरिकन जातीचा बरोबर उलटा, बंद असताना २४० आणि फुल्ल प्रेशरला ३३. मघाशी दिशा लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी. काटा उलटा चालत असेल तर कितीही रेझिस्टन्स लावा, सरळ होणार नाही, सेंडरच बदलावा लागेल.

नव्या इंजिनाला एकच भोक असेल आणि त्यात लाईटचा स्विच असेल तर टी जॉइंट टाकून दोन्ही लावा, लाईट काढून टाकू नका, काट्याकडे आपण बघत नसतो, लाल दिवा दिसतो. फक्त टी आणि त्यावर तो जड डबीसारखा सेंडर थेट इंजिनावर उभा करू नका. डिझेल इंजिनाच्या थरथरीने पितळेचा जॉइंट मानेतून तुटतो आणि ऑईल पूर्ण प्रेशरने बाहेर, दोन मिनिटांत चेंबर रिकामं. ऑईलचा हायड्रॉलिक होज घ्या, सेंडर बॉडीला क्लॅम्पवर बसवा आणि सेंडरच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या, कारण आता तो इंजिनाला टेकत नाही. हे शेवटचं सगळे विसरतात.

गरम इंजिनला आयडलवर एक बारच्या आसपास आणि पळताना तीन-चार बार दिसलं तर साधारण बरं चाललंय. डायल पीएसआयमध्ये असेल तर एक बार म्हणजे साडेचौदा.

स्पीडोमीटर

गिअरबॉक्स तोच ठेवला असेल तर याला हात लावू नका, केबलला ग्रीस मारा आणि पुढे जा. गिअरबॉक्स किंवा टायर बदलले असतील तर मात्र मोजावं लागतं. केबल डायलच्या बाजूने सोडवा, आतल्या तारेला कागदाचा झेंडा लावा. टायरला खडूची खूण करा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून चाकाचे बरोबर दहा फेरे करा, टेपने अंतर मोजा. १६ इंची जीपच्या टायरला साधारण २२ मीटर येतं. तेवढ्यात झेंडा किती वेळा फिरला ते एकाने मोजायचं. आमच्याकडे हे काम पुतण्याला दिलं होतं, तो सतरावर हसायला लागला म्हणून परत करावं लागलं.

डायलला किती फेरे पाहिजेत हे कधी डायलवर बारीक अक्षरात असतं, नाहीतर ज्या ड्रिल मशीनचा वेग माहीत आहे ती डायलला लावून बघा (दिशा सांभाळून, उलटी फिरवलीत तर आतली स्प्रिंग जाईल). १००० आरपीएमला काटा ६० वर आला तर डायलला किलोमीटरला १००० फेरे पाहिजेत, म्हणजे २२ मीटरला २२. झेंडा १८ वेळाच फिरला तर मीटर अठरा टक्के कमी दाखवणार. उपाय म्हणजे गिअरबॉक्समधल्या केबलच्या छोट्या गिअरचे दात. दात कमी केले की केबल जोरात फिरते. २२ दातांचा असेल तर १८ चा पाहिजे. तो मिळाला नाही तर केबलच्या मधे बसणारा रेशो बॉक्स बनवून घेतात. शेवटी मोबाईलच्या जीपीएसवर ताडून बघा, हायवेला सरळ पट्ट्यावर, वळणावर नाही.

आरपीएम मीटर आणि चार्जिंग

पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन घातलं असेल तर आरपीएमचा काटा मरतोच, कारण तो इग्निशन कॉइलचे ठोके मोजत होता (चार सिलिंडरला इंजिनाच्या एका फेऱ्याला दोन) आणि डिझेलला कॉइलच नाही. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) मागे डब्ल्यू लिहिलेला खिळा असतो तिथून सिग्नल मिळतो. बारा पोलच्या अल्टरनेटरला त्याच्या एका फेऱ्यात सहा ठोके, आणि पुली समजा इंजिनापेक्षा २.२ पट फिरते, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला १३.२ ठोके. दोनच्या जागी तेरा आले तर काटा खिळ्याला जाऊन आपटेल, म्हणून मधे सिग्नल भागणारं छोटं सर्किट लागतं किंवा ॲडजस्टमेंट असलेला डिझेलचा टॅको, म्हणजे आरपीएम मीटर. खरं सांगू, जीपला याची गरज नाही, कान पुरे आहेत.

चार्जिंगच्या लाल दिव्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीची चालना त्या बल्बमधूनच मिळते. बल्ब उडाला किंवा त्या जागी एलईडी लावली की अल्टरनेटर चार्जच करत नाही, नाहीतर खूप रेस दिल्यावर करतो. २ ते ३ वॅटचा साधा बल्ब ठेवा.

जुना अँपिअर मीटर ३०-० -३० चा असेल आणि नवा अल्टरनेटर ५५-६५ अँपिअरचा, तर पूर्ण करंट डॅशच्या मागून नेणं म्हणजे आग लावायची तयारी. अल्टरनेटरची जाड वायर सरळ बॅटरीला न्या, मधे फ्यूज. जुन्या अँपिअरच्या जागी मी तेवढ्याच मापाचा व्होल्ट मीटर घातला, कंपनीचा एकच डायल गेला तो हा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की झालं.

अर्थिंग आणि खारा वारा

डिझेलच्या काट्याचं इंजिनाशी खरं तर काहीच नातं नाही, टाकी तीच, फ्लोट तोच. तरी इंजिन बदलल्यावर तो बिघडतो, कारण इंजिन काढताना अर्थच्या पट्ट्या सोडतात आणि लावताना एखादी पट्टी रंगावर लावतात. हेडलाईट लावली की काटा हलतो, इंडिकेटरबरोबर काटा टिकटिक करतो, ही सगळी अर्थिंगची लक्षणं.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर पट्टी खराब. मग तसंच चावी ऑन करून, लाईट लावून डॅशच्या पत्र्याला, टाकीच्या बॉडीला बघा. आमच्या जीपला टाकीवर तब्बल एक व्होल्ट येत होता. टाकीपासून चॅसीला नवी वायर टाकली, काटा शहाणा झाला.

समुद्राजवळ तांब्याची वायर आतून हिरवी होते, बाहेरून प्लास्टिक नवीन कोरं दिसतं. थिंबलच्या जवळ इंचभर सोलून बघा, हिरवं किंवा काळं दिसलं तर चमक दिसेपर्यंत मागे कापत जा. वायरीला नुसता पीळ देऊन टेप मारू नका, एका पावसाळ्यात संपतं. थिंबल दाबून, सोल्डरचा डाग देऊन, गोंदवाली हीटश्रिंक. अर्थच्या जागी पत्रा घासून लोखंड उघडं करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन थापा. आधी ग्रीस मग बोल्ट असं नको.

शेवटची जुळणी

सगळं लागल्यावर अंगणात इंजिन चालू ठेवून थर्मोस्टॅटच्या घराजवळ लेझरवाला थर्मामीटर धरा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ च्या आसपास उघडतात, वरचा होज एकदम गरम झाला की समजायचं उघडला, त्या क्षणी काटा कुठे आहे ते बघा. पत्र्यावरचा आकडा आतल्या पाण्यापेक्षा चार-पाच डिग्री कमीच येतो, चकचकीत ॲल्युमिनियमवर तर फारच चुकतो, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

मी डायलची काच काढून १०० च्या जागी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, मघाशी रेझिस्टन्सने काढलेल्या नकाशावरून. नव्या गॅस्केटनंतर परत फोंड्याने चढलो, पेट्या तेवढ्याच, काटा अर्ध्याच्या वर, ठिपक्यापासून दोन काड्या अलीकडे थांबला. माथ्यावर चहाला थांबलो आणि मेस्त्रीला फोटो पाठवला. त्याने फक्त विचारलं, डिझेलचा काटा चढावर खाली कित्याक येता? ते टाकीतलं डिझेल मागे जातं म्हणून, आणि ते काही मी दुरुस्त करणार नाही.